पान सतरावरचा कालवफोड्या

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय दादूमामांना संघमित्राचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुम्ही, शकुमामी, दोन्ही शेळ्या आणि विहिरीजवळच्या तारेवर बसणारा तो वेडा राघू कसे आहात? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, प्रितम गावी येणार आहे त्याच्याबरोबर पाठवते. (बोलताना मी तुम्हाला तू म्हणते, पण पत्रात मोठ्यांना तुम्ही लिहायचं ही आईची शिस्त आहे आणि पेटीत टाकायच्या आधी ती हे पत्र वाचणार आहे. निदान पहिलं पान तरी. त्यापुढे तिला झोप लागते.) फोन करून सांगता आलं असतं, पण गेल्या वर्षी प्रितमने तुम्हाला हळद्या पक्ष्याचा फोटो पाठवून खाली 'सुगरण' लिहिलं, तेव्हापासून तुम्ही फोन चार्ज करणंच सोडलंय, असं मामी म्हणते. बरोबरच केलंत. माझा सख्खा भाऊ असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही. या पत्रातलं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आहे. त्याला काही कारण नाही. पेन जाड मिळालं.

आधी आनंदाची बातमी. आमच्या खाडीकाठ पक्षी मंडळाने 'पूर्व उपनगरांतले विरळ पक्षी: कोणता, कुठे आणि कधी' ही पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि तिची संपादक मी आहे. १४ एप्रिलला आपल्या वसाहतीतल्या विहारात प्रकाशन. मी बढाई मारत नाही (मारली असेल तर तेवढं गाळून वाचा), पण काम चोख झालंय. एक्केचाळीस पक्षी, प्रत्येकाचं एक पान, आणि प्रत्येक पानावर असं लिहिलंय की वाचणाऱ्याला ते करता आलं पाहिजे. म्हणजे 'नवरंग हा सुंदर पक्षी आहे' असं लिहून मी मोकळी झालेली नाही. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा, मुलुंडला डोंगराकडच्या उंच इमारतींखाली सकाळी चक्कर मारा, काचेवर आपटून पडलेला सापडला तर चोचीत पाणी घालू नका, भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात ठेवा आणि तासभर कोणालाही फोटो काढू देऊ नका, असं लिहिलंय. अमूर ससाणा नोव्हेंबरात जेमतेम चार दिवस डोंगरावरून जातो, त्या चार दिवसांत घरात लग्न असेल तर अक्षतांना न जाता जेवायला जावं, असंही लिहिलं होतं, पण ते मंडळाने काढलं. जुलैत समुद्रावर वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूला जावं आणि भज्यांकडे न बघता वर बघावं, कारण वाऱ्याने भरकटलेले खोल समुद्रातले पक्षी तेवढ्यापुरतेच किनाऱ्यावर येतात, हे मात्र ठेवलं. खाडीवरच्या प्रत्येक पक्ष्यापुढे भरतीची वेळ काढायची तुमची रीतही दिली आहे. तिथीची पाऊणपट करायची, आली वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मंडळातली इंजिनीअर मंडळी मोबाइलमध्ये वेळ बघतात आणि मग माझ्या उत्तराशी जुळली की मोबाइलचं कौतुक करतात.

आणि तुमचा नियम. तो मी पहिल्याच बैठकीत सांगितला. दोघांनी पाहिला तर शाईने, एकट्याने पाहिला तर पेन्सिलीने, आणि पेन्सिलीचं छापायचं नाही. तुम्ही एकतीस वर्षं कंपनीच्या गेटवर दोन सह्यांशिवाय एक स्क्रू बाहेर जाऊ दिला नाहीत आणि तोच कायदा पक्ष्यांना लावलात, हे त्यांना कुठून कळणार? मी तर अक्षरंच तुमच्या त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीतून शिकले. बालवाडीत बाईंनी 'क' कशाचा विचारलं तेव्हा मी 'करकोच्याचा' म्हटलं आणि 'ख' खंड्याचा, आणि 'ग' ला अडले, कारण गव्हाणी घुबडापुढे तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं आणि पेन्सिलीचं मोठ्याने म्हणायचं नाही असं मला वाटायचं. लॅबमध्येही रक्ताच्या नळीवरचं नाव मी दोनदा वाचते आणि ज्याचं रक्त आहे त्यालाही वाचायला लावते. घाटकोपरच्या शाखेत मला 'दोनदा मॅडम' म्हणतात. वाईट वाटत नाही. आजवर माझ्या हातून कुणाची साखर दुसऱ्याच्या अंगात गेलेली नाही.

तर या नियमात सगळ्यात आधी सापडले आमचे अध्यक्ष देवव्रतसर. (मुलुंडला राहतात, छत्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, बोलताना अजून डस्टर शोधतात.) त्यांनी मागच्या जुलैत वादळाच्या दुसऱ्या दिवशी घरातून एक फ्रिगेट पक्षी पाहिला होता. मोठा काळा, कात्रीसारखी शेपटी, शंभर टक्के बरोबर वर्णन. मी विचारलं, सर, दुसरा साक्षीदार? सर म्हणाले, "संघमित्रा, मी तो बाथरूमच्या खिडकीतून पाहिला. तिथे दुसरा साक्षीदार कुठून आणू?" मी म्हटलं, मग पेन्सिल. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "ठीक. मग आता पान सतरा तपासू या."

पान सतरावर कालवफोड्या आहे, मामा. तुमचा कालवफोड्या. काळं डोकं, काळी पाठ, पांढरं पोट आणि गाजरासारखी लांब लालभडक चोच. नोव्हेंबर ते मार्च, विक्रोळीची खाडी, फार म्हणजे फारच विरळ. मी निर्धास्त होते. दोन साक्षीदार कसले, माझ्याकडे पाच छापील याद्या होत्या आणि पाचांतही विक्रोळीचा कालवफोड्या होता. सर म्हणाले, याद्या राहू देत, आपण बघायलाच जाऊ.

परवाच्या रविवारी गेलो. त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाची भरती. मला धरून बारा माणसं, मंडळाची तीन पायांच्या तिकाटण्यावरची एक मोठी दुर्बीण, आणि त्या बारांतच माझी लॅबमधली मैत्रीण चेतना, जिला पक्ष्यांतलं काही कळत नाही पण नंतर मिसळ मिळेल असं मी कबूल केलं होतं. बांधावर उभे राहिलो. पाणी चढत होतं, चिखलाची पट्टी अरुंद होत चालली होती, तुताऱ्या आणि चिखले हे चिखलातले छोटे पक्षी पळापळ करत होते. सरांनी दुर्बीण फिरवली आणि थांबवली. मग वर्गात हजेरी घेतल्यासारखं म्हणाले, काळी पाठ, पांढरं पोट, लाल चोच. रांग लागली. एकेक जण डोळा लावायचा, श्वास रोखायचा आणि "दिसला!" म्हणून बाजूला व्हायचा. चेतना ओरडली, "दिसला यार! एका पायावर उभा आहे, किती क्यूट." तिच्यामागच्या काकांनी नको तो डोळा मिटला होता (उरलेला दुर्बिणीच्या बाहेर होता, मी स्वतः पाहिलं), तेही "वा, वा" म्हणाले. एका बाईंना बाजूला त्याचं पिल्लूही दिसलं. फेब्रुवारीत. विक्रोळीत. जो पक्षी अंडी घालायला कुठल्या कुठे जातो, त्याचं. मी संपादक म्हणून सगळ्यात शेवटी थांबले होते. डोळा लावला. मला चप्पल दिसली.

काळा तळ, पांढरी कड, लाल पट्टा, चिखलात उभी रुतलेली. मी परत पाहिलं. (दोनदा.) चप्पलच. सात नंबरची असावी. तोवर मागे हस्तांदोलनं सुरू झाली होती. मी म्हटलं, "सर, ही चप्पल आहे." सर शांतपणे म्हणाले, "संघमित्रा, अकरा साक्षीदार आहेत. तुझ्या नियमाने हे साडेपाच कालवफोडे झाले." क्षणभर मलाही वाटलं, असेल बुवा पक्षी, अकरा माणसं एकाच वेळी कशाला खोटं बोलतील? तेवढ्यात तिवरांतून सोनूबाई निघाली. (तुम्हाला तिथीची पाऊणपट शिकवणारी कोळीण. अजून तशीच आहे, दात तेवढे कमी झालेत.) कमरेला ओचा, डोक्यावर टोपली, सरळ चिखलात चालत गेली, आमच्या कालवफोड्याला मान धरून उचललं, दोनदा पाण्यात खळबळलं आणि बांधाकडे बघून ओरडली, "एकच हाय गो! जोडी असती तर जावयाला झाली असती." आणि टोपलीत टाकला.

अकरा जण एकदम तुताऱ्या बघू लागले. चेतना माझ्या कानात म्हणाली, "सॉरी यार, मला काहीच दिसत नव्हतं, सगळं पांढरं पांढरं होतं. पण सगळे दिसला म्हणत होते ना, मग मला वाटलं माझ्यातच काहीतरी लोचा आहे." मामा, मला तिच्यावर रागावता आलं नाही. का ते पुढे येईल. सोनूबाईला मी खऱ्या पक्ष्याचं विचारलं. ती म्हणाली, "तांबड्या चोचीचा? येतो ना थंडीन. माझी कालवं खातो मेला." कधी आला, कोणत्या तारखेला? "मी काय त्याची हजेरी मांडते?" झालं. साक्षीदार मिळाली, पण तारखेशिवाय.

घरी आल्यावर मी पाचही याद्या जमिनीवर पसरल्या आणि प्रत्येकाने हा पक्षी कुठून आणला ते शोधत बसले. दोन दिवस लागले. पाचवी यादी एका कॉलेजच्या मुलीची. तिला फोन केला, तिने चौथीवरून घेतला होता. चौथी यादी म्हणजे एका पतपेढीचं कॅलेंडर, त्यांनी तिसरीवरून. तिसरीवाल्या गृहस्थांनी दुसरीवरून, आणि फोन ठेवताना म्हणाले, "का हो, चुकीचं आहे का? आम्ही तर दरवर्षी छापतो." दुसरीने पहिलीवरून. आणि पहिली म्हणजे आपल्या वसाहतीच्या जयंतीची २००९ सालची स्मरणिका, पान बारा, तळाला बारीक अक्षरात: 'श्री. दादू खरात यांच्या वहीतून साभार.' म्हणजे पाच साक्षीदार नव्हतेच, एकच वही होती. ती तुम्ही गावी जाताना मला दिलीत, माझ्या कपाटात आहे. उघडली. '१९ फेब्रुवारी २००६, रविवार. कालवफोड्या, एक. खाडीचा बांध. साक्षीदार: १. दादू खरात. २. संघमित्रा, वय ७.' शाईने. माझी सही तुमच्या सहीपेक्षा मोठी आहे आणि 'घ' उलटा आहे.

(आई इथपर्यंत आलेली नसणार. आता सांगते.)

मामा, मला तो दिसला नव्हता.

तुम्ही मला बांधावर उचलून उभं केलंत. ती हिरवी दुर्बीण, जिची एक काच कायम धुरकट असायची, माझ्या डोळ्यांना लावलीत. तुमचा हात थरथरत होता. पेनाचं टोपण तुम्ही दातांत धरलं होतं, वही उघडी होती. कुजबुजत विचारलंत, "दिसला का गं?" मला काय दिसत होतं सांगू? पांढरं पांढरं. नुसतं पांढरं. (माझ्या डोळ्यांना नंबर आहे हे चौथीत कळलं, फळ्यावरच्या 'सुविचार'ऐवजी मी वहीत 'सुतार' लिहून आणलं तेव्हा. त्याआधी मला वाटायचं, जग सगळ्यांनाच असं दिसतं आणि लोक अंदाजाने चालतात.) मी म्हटलं, "दिसला." तुम्ही इतके खूश झालात की मला खांद्यावर घेऊन थेट नाक्यापर्यंत गेलात आणि दोन प्लेट भजी घेतलीत. मी तीसुद्धा खाल्ली.

तेव्हापासून विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शिलाला, खोटं बोलणार नाही म्हणायची पाळी आली की, मला खोकला येतो. वीस वर्षं. भंतेजी दर पौर्णिमेला माझ्यासाठी खडीसाखर ठेवतात. त्यांनी दोनदा मला छातीचा फोटो काढायला सांगितलं.

तर माझा निर्णय झालेला आहे आणि तो मी ठामपणे कळवते आहे. तुम्ही त्या दिवशी कालवफोड्या पाहिलात याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण नियमाने ती पेन्सिलीची नोंद होती, आणि मी ती शाईची केली. त्या शाईवरून पाच याद्या झाल्या आणि पाच याद्यांवरून अकरा माणसांना चपलेत पक्षी दिसला. देवव्रतसरांचा पक्षी मी ज्या नियमाने काढला, त्याच नियमाने तुमचा काढणार. पान सतरावर मालगुजा येईल. तो बिचारा दरवर्षी शेकड्यांनी येतो आणि सगळ्यांना दिसतो. तुमचं नाव ज्या एका पक्ष्यामुळे छापलं जातं तो पक्षी मी काढते आहे, हे मला कळतंय. रागावायचं असेल तर रागवा. पण पत्राने रागवा, मामीकडून निरोप पाठवू नका, ती फार सौम्य करून सांगते.

शेळ्यांना चारा घातल्यावर हे पत्र एकदा तरी पूर्ण वाचा. मामीला जयभीम. सगळ्यांचं मंगल होवो, आणि खोटं बोलणाऱ्यांचंही, जमलं तर.

तुमची भाची,
संघमित्रा

ता. क. १ (शनिवार, २१ फेब्रुवारी). पत्र अजून टाकलेलं नाही. 'ठामपणे' हा शब्द वाचून मलाच हसू आलं. पान सतरा कोरंच आहे. मालगुजाचा मजकूर तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. छापखान्याचा माणूस म्हणतो, ताई, कोरं पान 'टिपणांसाठी' म्हणून सोडा, सगळे सोडतात. २५ मार्चपर्यंत थांबतो म्हणालाय.

ता. क. २ (शनिवार, संध्याकाळ). आज चतुर्थी, तीनची भरती. लॅबमधून लवकर सुटून एकटीच बांधावर गेले. चष्मा पुसला. मामा, तो होता. चप्पल नव्हे. चालत होता. चिखलातून शिंपला काढला, चोच मध्ये घातली आणि शकुमामी शेंग सोलते तसा एका झटक्यात उघडला. चोच इतकी लाल की कुणीतरी आत्ता रंगवून सोडलाय असं वाटावं. दोन मिनिटं, फार तर अडीच. मी मागे वळून म्हटलं, "दिसला का?" मागे फक्त एक कुत्रं होतं आणि ते दुसरीकडे बघत होतं. तेव्हा कळलं तुमचा हात का थरथरत होता. घरी येऊन वहीत लिहिलं, कालवफोड्या, एक, साक्षीदार एक. पेन्सिलीने. देवव्रतसरांना फोन करून सांगितलं आणि त्यांच्या बाथरूमची माफी मागितली. ते म्हणाले, "आता तुला कळलं, संघमित्रा," आणि पाच मिनिटं हसत होते.

ता. क. ३. आता खरं काम. अक्षर मोठं आहे ते पेनामुळे नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून मामीने मला सगळं सांगितलंय. वेलावरचा वाळलेला दोडका दाखवून तुम्ही पाहुण्यांना सुगरणीच्या घरट्यावर अर्धा तास माहिती दिलीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली तेव्हा, मामीने बाहेर रांगेत मोठ्याने वाचली होती ती पाठ करून म्हणून दाखवलीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तुम्ही सहा महिने सगळ्यांना "दिसतंय, दिसतंय" म्हणताय. हे घराण्यातच आहे, तेव्हा मी काय बोलणार? घाटकोपरच्या हॉस्पिटलात गुरुवार, ५ मार्चची तारीख घेतली आहे. आधी उजवा डोळा. प्रितम १ तारखेला गावी येतोय, त्याच्याबरोबर निघा. (तो हळद्याबद्दल माफी मागणार आहे, मी लिहून दिलंय.) दहा दिवसांनी, रविवारी १५ मार्चला, एकादशी आहे. सव्वाआठची भरती. पक्षी मार्चअखेर जातो. काळा चष्मा बाजूला करून दोन मिनिटं दुर्बीण लावली तर चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. दोनदा. दुसरा साक्षीदार मला दुसरा कोणी नकोय.

ता. क. ४. हे आई वाचणार नाही, म्हणून तू. मामा, बांधावर मी तुला विचारीन, दिसला का? नाही दिसला तर नाही म्हण. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस. भजी दोन्हीपैकी काहीही झालं तरी आहेतच. पेन आणि पेन्सिल मी दोन्ही आणते आहे.